बाराव्या दिवसाची खिरापत

माझी नात शाळेतून आली, दप्तर सोफ्यावर टाकलं आणि पाणी पिता पिता म्हणाली, "आजी, आम्ही सायलीला ग्रुपमधून काढलं." मी शेपू निवडत बसले होते. काढलं म्हणजे काय केलं, असं मी विचारलं. तिच्याशी बोलायचं नाही, तिच्याबरोबर डबा खायचा नाही, रिक्षात तिच्या शेजारी बसायचं नाही. पाढा म्हणावा तसं तिनं सांगितलं. मग मी विचारलं, तिनं काय केलं होतं, खोटं बोलली का, काही चोरलं का. नात गोंधळली. आजीला एवढंही कळत नाही असं तिच्या चेहऱ्यावर आलं. "नाही गं. तिचं बरोबरच होतं. म्हणून तर सगळ्यांना राग आला." पेला पालथा घालून ती खाली खेळायला गेली. सून आतून म्हणाली, पोरांचं काय मनावर घेता, उद्या पुन्हा गळ्यात गळे घालतील. मी हो म्हटलं. थोड्या वेळानं बघते तो शेपूच्या काड्या मी पानांत टाकत होते आणि पानं काड्यांत. बोटांना वास लागला होता तो साबणानं धुतला तरी गेला नाही, आणि त्या वासात बसल्या बसल्या मला अनसूया आठवली. आठवली म्हणणं खरं नाही. विसरलेलं माणूस आठवतं. अनसूया माझ्यात कुठंतरी उभीच असते, अंगणात, हात दोन्ही बाजूंना जरासे पसरून, कोणीतरी धरील म्हणून.

साठ-पासष्ट वर्षं झाली. मी तेव्हा दहाची होते. सोलापुरात मार्शल लॉ होऊन तीन वर्षं उलटली होती. मोठी माणसं त्याबद्दल दारं लावून बोलत आणि आम्ही मुली तो खेळ म्हणून खेळत होतो. एकीनं सोजीर, म्हणजे गोरा शिपाई, व्हायचं, बोळाच्या तोंडाशी काठी आडवी धरायची आणि मनाला येईल तिला परत पाठवायचं. सोजीर बहुतेक वेळा प्रभाच असे. वकिलांची मुलगी, आमच्याहून दोन वर्षांनी मोठी, गुडघ्यापर्यंत वेणी. ती कधी ओरडत नसे. ओरडायची तिला गरजच पडत नसे. ती नुसती भुवई उचलायची आणि आपण काठीच्या कुठल्या बाजूला आहोत ते आपल्याला समजायचं. आमच्या बोळात मास्तर, कारकून, एक वैद्य, एक वकील अशी घरं होती. बहुतेक घरांच्या मागं बुटकी भिंत आणि भिंतीपलीकडं पद्मशाली विणकरांची वस्ती. सकाळचा गिरणीचा भोंगा झाला की त्या बाजूनं मागांची खटखट सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. सूत रंगवलेलं पाणी आमच्याच गटारातून वाहायचं, एक दिवस लाल, एक दिवस हिरवं, आणि आज कुठला रंग येणार यावर आम्ही पैजा लावायचो. त्या पलीकडल्या घरांशी आमचा संबंध एवढाच, त्यांच्या पाण्याच्या रंगाचा.

अनसूया माझ्या शेजारी राहायची. एकच खोली, पुढं पडवी, मागं अंगण. वडील वेणीमाधवपंत गिरणीत कारकून. आई रुक्मिणीबाई अक्कलकोटच्याही पलीकडची, घरात कानडी बोलायची. अनसूया आईला अव्वा म्हणायची आणि आमच्यासमोर म्हणताना आवाज बारीक करायची. रुक्मिणीबाईंचं मराठी ऐकून आम्ही हसत असू. त्यांच्या तोंडी पोरी आला, दूध सांडली, पाऊस आली. प्रभा त्यांची हुबेहूब नक्कल करी आणि अनसूयासुद्धा त्या नकलेला हसे, सगळ्यांच्या नंतर, सगळ्यांपेक्षा थोडं जास्त. मी अनसूयाकडं पुष्कळदा जेवले आहे. कोणाला सांगितलं नव्हतं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, त्यांचं सोवळंओवळं आमच्यापेक्षा कडक होतं, माझ्या आईचीही ना नव्हती. पण 'कानडी वास' असा एक शब्द प्रभानं काढला होता आणि मला तो माझ्या परकराला लागू द्यायचा नव्हता. रुक्मिणीबाई मादली करायच्या. गव्हाच्या जाड पोळ्या कडक भाजायच्या, उखळात कुटायच्या, त्यात गूळ, सुकं खोबरं, खसखस, वेलदोडा. रवाळ, खमंग, खाताना दातांत कुरकुरणारी. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी नाव विचारलं आणि त्यांनी तीनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. नीट म्हणता आलं तेव्हा त्यांनी माझ्या गालाला हात लावून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. चुलीजवळचा तो गरम, पिठाचा हात. माझी आई असं कधी करत नसे.

हस्त लागला की आमचा हादगा सुरू होई. आताच्या मुलींना सांगावं लागतं म्हणून सांगते. पाटावर तांदळानं हत्ती काढायचा, पाट अंगणात मध्ये ठेवायचा, मुलींनी हात धरून भोवती फेर धरायचा आणि गाणी म्हणायची. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं सोळा दिवस. रोज बोळातल्या वेगळ्या घरी. गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते, कानाशी हलवून दाखवते, आणि आत काय खिरापत आहे ते मुलींनी ओळखायचं. ओळखली की डबा उघडतो. सगळी मजा त्या ओळखण्यात. आया वेलदोडा जास्त घालून वास फसवत, डब्यात चमचा टाकून आवाज फसवत. पलीकडच्या विणकरांच्या तीन-चार मुली आमच्या मागोमाग प्रत्येक अंगणाच्या कडेला यायच्या. भिंत बुटकी असेल तर भिंतीवर बसायच्या. त्यांत काशम्मा म्हणून एक होती, अकराएक वर्षांची, दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरून बोटं रंगलेली. गाणी ऐकतानाही तिची बोटं मांडीवर सूत गुंडाळल्यासारखी फिरत राहायची. त्या मुलींनी फेरात यायचं नाही असं आम्हाला घरी कोणीही सांगितलं नव्हतं. कोणाला सांगावंही लागलं नाही. फेर धरला त्यांनाच खिरापत, एवढा नियम प्रभानं पहिल्या दिवशी बोलून दाखवला आणि आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. अनसूयानंही हलवली होती. मी तिच्याच शेजारी होते.

आठव्या दिवशी हादगा आमच्याकडं होता. आईनं वाटली डाळ केली होती. ओळखून झाल्यावर आईनं वाटायला डबा अनसूयाच्या हातात दिला, कारण तिच्या हातचे वाटे सारखे पडतात असं आईचं म्हणणं. अनसूया फेरातून वाटत वाटत गेली आणि थांबलीच नाही, तशीच भिंतीपर्यंत चालत गेली आणि काशम्माच्या ओंजळीत आमच्याएवढाच वाटा घातला. मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. वरून टाकला नाही, ओंजळीला डाव टेकवून घातला. परत आली तेव्हा प्रभाच्या वाट्याला डब्याच्या कडेची चिकटलेली डाळ उरली होती. प्रभानं हात पुढं केलाच नाही. मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, दिली तर दिली, त्यात काय झालं, उद्या तुम्हाला जास्त करून घालते. आणि पदराला हात पुसत आत गेली. मोठ्यांचं हे असं असतं. त्यांनी ज्या गोष्टी आपल्या हाडांत भरल्या त्यांचा त्यांना कंटाळा आलेला असतो. त्या सांभाळायचं काम मुलांवर पडतं, आणि मुलं डुलकी घेत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेमागं, पाण्याच्या रांजणांपाशी, निवाडा झाला. आम्ही सहाजणी होतो. त्यात द्वारकाही होती. तिनं चारच दिवसांपूर्वी वैद्यांकडच्या डब्यातून खोबऱ्याच्या चार वड्या परकराच्या ओच्यात लपवल्या होत्या आणि पळताना त्या खाली पडल्या होत्या. तिला आम्ही एक दिवस फेराबाहेर ठेवलं, चोरटी द्वारकी म्हणून गाणं केलं, दुसऱ्या दिवशी तीच ते गाणं म्हणून हसू लागली आणि विषय मिटला. तिनं स्वतःसाठी चोरलं होतं. ते आम्हाला कळत होतं. आम्हीही चोरलं असतं. अनसूयानं केलं ते कोणाला कळेना, आणि न कळण्याचा राग फार वेगळा असतो, तो पोटात नुसता बसून राहतो. प्रभानं शांतपणे विचारलं, कोणाला विचारून दिलीस. अनसूया खरंच नवल वाटल्यासारखी बघत राहिली. "विचारायचं काय त्यात? त्यापण म्हणतात की गाणी. काशम्माला आठच्या आठ येतात. द्वारकीला पाचच येतात." कोणीतरी हसलं. द्वारकाचा चेहरा पडला. त्या क्षणी, त्या हसण्याच्या आत, सगळं ठरून गेलं, कारण ती म्हणत होती ते खरं होतं आणि आमच्यापैकी एकीलाही त्याचं उत्तर देता येत नव्हतं.  प्रभानं एवढंच विचारलं, "तू आमच्यातली का त्यांच्यातली?" अनसूया म्हणाली, तुमच्यातलीच की. मग प्रभानं एकेकीला विचारलं, हिनं केलं ते चूक का बरोबर. एकेक जण चूक म्हणत गेली आणि पाळी माझ्यापर्यंत आली. मी रांजणाच्या ओल्या बुडाकडं बघत होते, तिथं हिरवं शेवाळ धरलं होतं. मला माहीत होतं. दहा वर्षांच्या मुलीला जेवढं लख्ख माहीत असतं तेवढं पुढं आयुष्यात कधीच माहीत नसतं. चूक, मी म्हटलं, आणि म्हटल्यावर मला हलकं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, की मला बरं वाटलं. आपल्याला वगळून बाकीचे एका बाजूला नाहीत, आपण त्यांच्यात आहोत, याची ऊब असते. ती ऊब मला पोटात लागली, मादलीसारखीच.

त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं बंद. घरी कळलं असतं तर आयांनी रागावून पुन्हा एकत्र बसवलं असतं, म्हणून प्रभानं युक्ती काढली. तिला फेरातून काढायचं नाही. फेरात घ्यायचं, पण हात धरायचा नाही. तिच्या डावीकडची आणि उजवीकडची दोघीही हात अंगाशी धरून चालत. उंबऱ्यावरून बघणाऱ्या आयांना बारा हात दिसत, फेर फिरताना दिसे. दहाव्या दिवशी तिच्या डावीकडं मी होते. तिचा हात मला न बघताही जाणवत होता, वीतभर अंतरावर, उघडा. तो गाण्याच्या सुरुवातीला वर यायचा, थांबायचा, खाली जायचा, पुढच्या गाण्याला पुन्हा वर. दहा गाणी होती. शाळेला आम्ही दोघी रोज बरोबर जात असू. पहिल्या दिवशी ती बोळात पावलं हळू टाकत राहिली, मी गाठावं म्हणून. मी बांगडी सरळ करत मागं राहिले. दुसऱ्या दिवसापासून ती भराभर चालू लागली, मला मागं राहायचा त्रास पडू नये म्हणून. तिचा हा चांगुलपणा मला सहन होत नव्हता. तिनं मला चिमटा काढला असता, आईला जाऊन सांगितलं असतं, तर मी तिच्यावर नीट रागावले असते. काशम्मा भिंतीवर रोज येत होती. तिला काही कळलं नव्हतं. नवव्या, दहाव्या, अकराव्या दिवशीही खिरापतीच्या वेळी तिची मान जरा पुढं येई, आणि कोणी आलं नाही की बोटं पुन्हा मांडीवर फिरू लागत.

बाराव्या दिवशी अनसूयाकडं होता. रुक्मिणीबाईंचा हा पहिलाच हादगा, त्यांच्याकडं तिकडं ही चाल नाही. त्या आदल्या दिवशी कुंकवाची कोयरी घेऊन घरोघर बोलवायला हिंडल्या. आमच्याकडं आल्या तेव्हा आईपाशी बसून सगळं विचारून घेतलं, हत्तीचं तोंड कुठल्या दिशेला, डबा केव्हा आणायचा, पोरींना ओळखता आलं नाही तर काय करायचं. "मग तसाच उघडायचं काय?" माझी आई थट्टेत म्हणाली, छे छे, न ओळखता उघडला तर हत्ती रुसतो, मुलीला पुढल्या वर्षी हादगा लाभत नाही. रुक्मिणीबाई हसल्या नाहीत. त्यांनी मान हलवली आणि ओठांतल्या ओठांत ते पुन्हा म्हटलं, परक्या गावचा पत्ता पाठ करावा तसं. आमच्यातली कुठलीही बाई चार चुका झाल्या की हसून झाकण काढते. त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं. जाताना त्यांनी आईला हळूच म्हटलं, अनू तीन दिवस जेवत न्हाय नीट, उद्या पोरी आला म्हणजे बरं वाटेल तिला. मी कोनाड्याशी पाटी पुसत होते. पाटी केव्हाच कोरडी झाली होती.

प्रभानं शाळेतून येताना सांगून ठेवलं. जायचं, गाणी चांगली म्हणायची, आणि खिरापत ओळखायची नाही. वाटेल ते नाव घ्यायचं, पण बरोबर नाही. द्वारका म्हणाली, आणि चुकून बरोबर निघालं तर? प्रभा म्हणाली, कानडी पदार्थ असणार, तुला कसा चुकून येईल. मग भुवई उचलून माझ्याकडं बघत म्हणाली, "गोदीला येईल. शेजारी राहते ती." सगळ्या माझ्याकडं बघू लागल्या. मी म्हटलं मला कसा येईल, मी कुठं जाते त्यांच्याकडं.

अंगण सारवलं होतं. शेण अजून ओलं होतं आणि हत्तीचे तांदूळ दोन-तीन ठिकाणी त्यात रुतले होते. हत्ती रुक्मिणीबाईंनीच काढला होता, पाय आखूड, सोंड जमिनीपर्यंत, म्हशीसारखा दिसत होता. द्वारकीनं मला कोपर मारलं. अनसूयानं धुतलेला परकर नेसला होता, केसांत शेवंती. ती आमच्या प्रत्येकीच्या चेहऱ्याकडं बघत होती, भराभर, पोस्टमन आला की माणूस हातांकडं बघतं तसं. भिंतीवर काशम्मा एकटीच होती. आम्ही बारा गाणी म्हटली. फार छान म्हटली. रुक्मिणीबाई पडवीत उभ्या राहून डोळे टिपत होत्या. अनसूयाच्या दोन्ही बाजूंचे हात अंगाशी होते. मग डबा आला. पितळेचा, घासून पिवळाधमक केलेला. त्यांनी तो कानाशी धरून हलवला आणि लाजत म्हणाल्या, "ओळखा की आता."

वास माझ्यापर्यंत त्याआधीच आला होता. प्रभानं सुरुवात केली, ताक. दुसरी म्हणाली, शिळी भाकरी. द्वारका म्हणाली, ज्वारीचा कोंडा. रुक्मिणीबाईंना ती थट्टाच वाटली, त्या हसत होत्या, न्हाय न्हाय म्हणत होत्या. मग कोणीतरी म्हणालं, सुताला लावायची खळ. ती मात्र एका वेळी सगळ्यांना आवडली. खळ, खळ, असा आवाज फिरत गेला आणि भिंतीवर काशम्मानं मान वर केली. तो शब्द तिच्या घरचा होता. रुक्मिणीबाईंचं हसू हळूहळू कमी झालं. गव्हाचा हाय, त्या म्हणाल्या. गूळ हाय त्यात. भाजून कुटलेलं.  त्यांनी पुन्हा डबा हलवला. शेवटी धीर सुटून त्यांनी नावाचं पहिलं अक्षरही सांगितलं, तेव्हा प्रभा अगदी आदबीनं म्हणाली, आम्हाला कानडी येत नाही हो, काकू. त्यांचा हात झाकणावर होता. नुसतं उचलायचं होतं. मी मनात म्हणत होते, उघडा, उघडा ना. त्यांची बोटं झाकणाच्या कडेवर गेली, थांबली, आणि त्यांनी अनसूयाकडं बघितलं. पुढल्या वर्षी मुलीला हादगा लाभायला हवा होता. मग त्यांना मी दिसले. त्यांचा चेहरा सुटला.

"गोदी, तू सांग की. तू खाल्लीस की किती वेळा, हितंच बसून."

सगळ्या वळल्या. मागांची खटखट चालू होती, ती मला एकदम फार मोठी ऐकू आली. प्रभाची भुवई अजून खाली होती, ती नुसती वाट बघत होती. मला माझ्या परकराच्या काठाचा रंग आठवतो, मोरपिशी. माझ्या तोंडाला मादलीच्या वासानं पाणी सुटलं होतं ते मी गिळलं.

"मी तुमच्याकडं कधी काही खाल्लं नाही," मी म्हटलं.

रुक्मिणीबाईंना वाटलं आपल्याला मराठी नीट समजलं नाही. त्यांनी अनसूयाकडं बघून कानडीत काही विचारलं. अनसूया माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत राग शोधायचा मी पुढं किती वर्षं प्रयत्न केला. ती आईला म्हणाली, आणि आम्हाला कळावं म्हणून मराठीत म्हणाली, "अव्वा, ती गोदी नव्हती. दुसरी होती ती." मग बारीक आवाजात, बेड अव्वा, बेड. नको, नको. रुक्मिणीबाई डबा पोटाशी धरून पडवीच्या खांबाला टेकल्या. त्यांना सगळं कळलं होतं की काहीच कळलं नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

आम्ही निघायला हवं होतं. पण प्रभा अनसूयाजवळ गेली आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी बोलली, मैत्रिणीसारखी, जवळ तोंड नेऊन. काशम्माला भिंतीवरून उतरव, ती म्हणाली, मग ओळखू.  अनसूयानं आईकडं बघितलं. डब्याकडं बघितलं. त्या वेळी ती काय विचार करत होती हे मी इतक्यांदा तिच्या जागी उभी राहून शोधलं आहे की आता मला तिची आठवण येते की माझ्या कल्पनेची, तेच समजत नाही. तिला फेर हवा होता हे खरं. पण मला वाटतं तिनं खांबाला टेकलेली आई बघितली, आणि तो खांब मोजला, काशम्माची भिंत मोजली, आणि दोन्ही एकदम तिला पेलणार नव्हती. ती भिंतीकडं चालत गेली. काशम्माच्या तेलुगूतले चार शब्द तिला येत, तिनं त्यातलाच एक उच्चारला. प्रभा इकडून म्हणाली, मराठीत सांग, आम्हाला कळायला हवं.

"काशम्मा, उतर," अनसूया म्हणाली. "हादगा आमचा आहे."

काशम्मा बघत राहिली. तिची बोटं थांबली होती. प्रभा म्हणाली, का उतरायचं तेही सांग. अनसूयानं आमच्याकडं पाठ ठेवूनच सांगितलं, सावकाश, एकेक शब्द. "तुला गाणी येतात म्हणून काय झालं."

"उद्या?" काशम्मानं विचारलं. तेवढाच शब्द मी तिच्या तोंडून मराठीत ऐकला.

"उद्या पण नाही."

काशम्मा पलीकडल्या बाजूला उतरली. आधी तिचे पाय दिसेनासे झाले, मग डोकं, आणि भिंतीची कड धरलेली निळी बोटं सर्वांत शेवटी. अनसूया परत आली. वाटेत तिनं केसांतली शेवंती सारखी केली. प्रभानं तिचा हात धरला, दुसरा हात द्वारकीनं धरला, आणि प्रभा मला म्हणाली, गोदे, ओळख आता. मी मादली म्हटलं. नीट म्हटलं, त्यांनी शिकवलं होतं तसं. रुक्मिणीबाईंचं तोंड एकदम उजळलं. आटवलं बघ पोरीला, त्या म्हणाल्या, विसरली होती, आटवलं. झाकण निघालं. त्यांनी स्वतः वाटली, ओंजळी भरभरून, आणि माझ्यापाशी आल्यावर दोनदा घातली, शहाणी पोर म्हणाल्या, पिठाच्या हातानं माझा गाल धरला आणि कानशिलावर बोटं मोडली. मादली फार चांगली झाली होती. सगळ्यांनी पुन्हा मागितली. प्रभानं घरी न्यायला द्रोणात बांधून मागितली. अनसूया माझ्या शेजारी उभी राहून खात होती, मान खाली घालून, कण न सांडता. संपल्यावर तिनं तळहात चाटला, परकराला पुसला आणि अगदी पूर्वीच्या आवाजात मला विचारलं, उद्या कोणाकडं आहे गं.

"प्रभाकडं," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "वकिलांची भिंत उंच आहे."